ग्रुपमधली मुलगी देश बदलते तेव्हा नेमकं काय काय बदलतं

एका ताईंनी स्टुटगार्टहून विचारलंय की त्यांची मुलगी १३ वर्षांची आहे, सहा वर्षं रिदमिक (हूप, बॉल, रिबन घेऊन म्युझिकवर करायचं जिम्नॅस्टिक्स) करतेय, आता क्लबच्या पाच जणींच्या ग्रुपमध्ये घेतलंय, पासपोर्ट भारतीय आहे. घरात चर्चा चाललीय की पुढे जर्मन नागरिकत्व घ्यायचं का, की मोठी झाल्यावर भारताकडून खेळता येईल, आणि मधेच टीम बदलली तर करिअर राहतं का संपतं. त्यांनी हेही लिहिलंय की युक्रेनमध्ये जन्मलेल्या एका मुलीने इटलीकडून ऑलिंपिक मेडल घेतलं असं ऐकलं, मग आमच्या मुलीला का नाही जमणार.

ताई, मी ठाण्या-मुंबईच्या पट्ट्यात २४ वर्षं रिदमिक शिकवतेय, त्यातली बरीच वर्षं ग्रुप बसवण्यातच गेली, नॅशनलला जज म्हणूनही बसलेय. तर जमू शकतं, पण कागदपत्रं हा त्यातला सोपा भाग आहे. इंडिव्हिज्युअल खेळणारी मुलगी देश बदलते तेव्हा तिचं रूटीन तिच्यासोबत जातं, तिचा हूप, तिची रिबन, तिच्या सवयी सगळं तिच्याबरोबर जातं. ग्रुपमधल्या मुलीचं तसं नाही. तिचं रूटीन ही तिच्या एकटीची वस्तूच नाहीये, त्यातला पाचवा हिस्सा तिचा, आणि तो हिस्सा बाकीच्या चौघींशिवाय काहीच कामाचा नाही. म्हणून ती नवीन देशात जवळजवळ रिकाम्या हाताने पोचते. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

तुम्ही जिच्याबद्दल ऐकलंत ती बहुतेक अँझेलिका सावरायुक. जन्म १९८९ चा, युक्रेनमधल्या लुत्स्क गावातला, नंतर इटलीत आली, इटालियन नागरिक झाली आणि त्यांच्या राष्ट्रीय ग्रुपमध्ये गेली, ज्या ग्रुपला तिकडे सगळे फुलपाखरं म्हणतात. तो संघ मिलानजवळ देझिओ नावाच्या गावात वर्षभर एकत्र राहून सराव करणारा. २००८ ला बीजिंगमध्ये इटलीचा ग्रुप चौथा आला आणि त्यात ती होती. चौथा नंबर काय असतो ते आपल्या लोकांना, दीपा कर्माकर रिओला चौथी आल्यानंतर, सांगायला नको. मग २००९ ला जपानमधल्या मिएला वर्ल्ड चॅम्पियन, २०१० ला खुद्द मॉस्कोत वर्ल्ड चॅम्पियन, २०११ ला माँपेलिएला परत वर्ल्ड चॅम्पियन, आणि २०१२ ला लंडनमध्ये ब्राँझ, रशिया आणि बेलारूसच्या मागे. लंडनच्या त्या सहा मुलींत (कार्पेटवर एका वेळी पाचच उतरतात) आणखी एक अशीच होती, आंद्रेआ स्टेफानेस्कू, जन्म रोमानियातल्या याश शहरातला. म्हणजे सहातल्या दोघी बाहेर जन्मलेल्या, आणि कार्पेटवर बघताना कोणती कुठून आलीय हे कुणालाही ओळखता येत नव्हतं. त्या वर्षी एक रूटीन पाच बॉलचं होतं आणि दुसरं तीन रिबन दोन हूपचं. रिबन सहा मीटरची असते, पाच जणींच्या गर्दीत ती एकमेकींच्या अंगावरून नेताना गाठ पडू न देणं हे मी मुलींना आजही त्या व्हिडिओवरून दाखवते.

आता यात लक्षात घेण्यासारखं काय, तर या दोघी इटलीच्या पद्धतीतच घडल्या. इटालियन क्लब, इटालियन कोच, तिथलाच मोजायचा ठेका. म्हणजे ‘जन्म एका देशात आणि खेळ दुसऱ्या देशाकडून’ ही एक गोष्ट झाली, आणि ‘एका देशाच्या टीममधून खेळून झाल्यावर दुसऱ्या देशाच्या टीममध्ये जाणं’ ही पूर्ण वेगळी गोष्ट. लोक दोन्ही एकच समजतात आणि तिथेच पालकांची फसगत होते. तुमच्या घराजवळचंच उदाहरण घ्या ना, फेलबाख-श्मिडेनचं रिदमिकचं सेंटर तुम्हाला माहीत असेलच. दारिया वारफोलोमेयेव्ह सैबेरियातल्या बार्नाउलची, १२ व्या वर्षी जर्मनीत आली, आजोबा जर्मन असल्यामुळे कागदांचा रस्ता होता, युलिया रास्किनाच्या हाताखाली तयार झाली, २०२३ च्या वर्ल्डला व्हॅलेन्सियात पाचही गोल्ड घेतली आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ऑलिंपिक चॅम्पियन. रास्किना स्वतः सिडनी २००० ची सिल्व्हर मेडलिस्ट, बेलारूसची. म्हणजे कोचही बाहेरची, खेळाडूही बाहेरची आणि मेडल जर्मनीचं. पण दारिया वयाने लहान असताना आली आणि ती एकटी खेळते. तुमच्या मुलीच्या बाबतीत वय जुळतंय पण ती ग्रुपमध्ये आहे, हा फरक विसरू नका.

खऱ्या अर्थाने टीम बदललेल्या मुली इंडिव्हिज्युअलमध्ये जास्त दिसतात आणि त्याला कारण आहे. ऑलिंपिकला एका देशाच्या जास्तीत जास्त दोनच इंडिव्हिज्युअल मुली जातात. रशियासारख्या देशात जगातल्या पहिल्या दहात बसतील अशा मुली घरी बसून टीव्ही बघतात. मग अलिया गरायेवा, येकातेरिनबुर्गची, अझरबैजानकडे गेली आणि लंडनला चौथी आली. मरिना दुरुंदा युक्रेनहून अझरबैजानकडेच गेली आणि रिओला फायनल खेळली. एकातेरिना वेदेनेयेवा रशियाहून २०१८ ला स्लोव्हेनियाकडे गेली आणि २७ व्या वर्षी टोकियो खेळली, ज्या वयात आपल्याकडच्या मुलीचं लग्न होऊन ती ‘पूर्वी जिम्नॅस्टिक करायचे’ असं सांगत असते. २०२२ च्या मार्चमध्ये रशिया-बेलारूसवर बंदी आल्यानंतर तर असे अर्ज वाढलेच. पण या सगळ्या एकट्या खेळणाऱ्या. त्यांना नव्या देशात एक कोच, एक हॉल आणि एक पासपोर्ट मिळाला की काम सुरू.

नियम थोडक्यात सांगते. ऑलिंपिक चार्टरप्रमाणे एकदा एका देशाकडून ऑलिंपिक, वर्ल्ड, खंडाच्या किंवा त्या दर्जाच्या मान्यताप्राप्त स्पर्धेत उतरलात आणि नंतर नागरिकत्व बदललं तर जुन्या देशाकडून खेळलेल्या शेवटच्या दिवसापासून किमान तीन वर्षं जायला लागतात. दोन्ही देशांच्या ऑलिंपिक समित्या आणि आंतरराष्ट्रीय फेडरेशन तयार असेल तर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं कार्यकारी मंडळ ही मुदत कमी करू शकतं किंवा माफ करू शकतं. त्याशिवाय जागतिक जिम्नॅस्टिक्स फेडरेशनची मंजुरी वेगळी लागते, लायसन्स नव्या देशाच्या नावाने व्हावं लागतं. जुन्या फेडरेशनने मनापासून सोडलं तर गाडी पळते, अडवलं तर रखडते. ज्या मुलीने कुठल्याच देशाकडून अशी स्पर्धा खेळलेली नाही तिला हा तीन वर्षांचा प्रश्नच नाही. तुमची मुलगी आज नेमकी याच जागी आहे, आणि ही जागा फार मोलाची आहे ताई. ‘ज्युनियरला एकदा देशाचा ड्रेस घालून येऊ दे, मग बघू’ असं हलकं घेऊ नका, तो ड्रेस घातला की घड्याळ सुरू होतं.

आता हेच तीन वर्षांचं गणित ग्रुपवर मांडा. सीनियर होतं ती मुलगी ज्या वर्षी १६ पूर्ण करते त्या वर्षी. समजा १५ ला एका देशाकडून ज्युनियर खेळली आणि मग बदललं, तर मोकळी व्हायला १८. इंडिव्हिज्युअल मुलगी ती तीन वर्षं क्लबच्या स्पर्धा, ओपन टूर्नामेंट खेळत काढते, रूटीन नवीन करत राहते, गंजत नाही. ग्रुपवाली काय करणार? नव्या टीमसोबत सराव करू देतील, पण जी मुलगी स्पर्धेला उतरणारच नाहीये तिला कोणता कोच मेन पाचात उभी करेल? ती सहावी, सातवी होते. शिवाय दर दोन-तीन वर्षांनी ॲपरेटसच्या (हातातल्या साधनांच्या) जोड्या बदलत जातात, पॅरिसपर्यंत पाच हूप आणि तीन रिबन दोन बॉल होतं, २०२५ पासून पाच रिबन आणि तीन बॉल दोन हूप झालं, म्हणजे तुम्ही बाहेर बसून एक सेट शिकता आणि आत जायची वेळ येते तेव्हा सेट बदललेला असतो.

आणि हॉलमध्ये काय होतं ते सांगते, कारण हे तुम्हाला कुठल्या फॉर्मवर लिहिलेलं सापडणार नाही. ग्रुपचं रूटीन सव्वादोन ते अडीच मिनिटांचं. तेरा बाय तेरा मीटरचं कार्पेट. पाच जणींनी एकाच वेळी फेकायचं आणि स्वतःचं नाही तर दुसरीचं ॲपरेटस पकडायचं, त्याला आम्ही एक्सचेंज म्हणतो. तुम्ही कॅच घेता तेव्हा वर बघतच नाही बरेचदा, मधे एक रोल असतो किंवा दोन, तुम्हाला फक्त माहीत असतं की ती अमुक मुलगी इतक्या उंचीवर फेकते, तिचा हूप थोडा डावीकडे झुकत येतो, थंडीत तिचे हात आखडतात तेव्हा कमी पडतो. हे माहीत होणं म्हणजेच ग्रुप. ते कोच शिकवत नाही, ते हजारो वेळा चुकून अंगात मुरतं. सोबत एकत्र खाणं, एकत्र झोपणं, भांडणं, पाळीच्या दिवसांत कोण चिडचिडी होते ते कळणं, सगळं त्यातच आलं.

माझ्याकडे एकदा दुसऱ्या जिल्ह्यातून एक मुलगी आली होती, तयारी इतकी सुंदर की आमच्या पाचही जणींपेक्षा बॅलन्स चांगला, स्प्लिट चांगलं, टर्न चांगले. मी खूष झाले आणि तिला सरळ मेन ग्रुपमध्ये घातलं. तीन महिने आमचं एकही रूटीन ड्रॉप न होता, म्हणजे हातातलं खाली न पडता, पूर्ण झालं नाही. मला कळेना. मग एका संध्याकाळी म्युझिक बंद करून नुसत्या टाळीवर करायला लावलं तेव्हा सापडलं, ती आकड्यांवर मोजत होती, पाच-सहा-सात-आठ, आणि आमच्या मुली मोजतच नव्हत्या, त्या पुढे उभ्या असलेल्या मुलीच्या श्वासावर जात होत्या, खांदे वर गेले की निघायचं. दोन्ही पद्धती बरोबर, पण एकत्र चालत नाहीत. शेवटी चार मुलींना बदलावं की एकीला, तर एकीलाच बदलावं लागलं आणि त्यात तिचं पूर्ण वर्ष गेलं. जिल्हा बदलला तर ही गत, मग देश आणि भाषा बदलल्यावर काय. चुकल्यावर कोच कार्पेटच्या कडेवरून जे ओरडते ते अर्ध्या सेकंदात समजायला लागतं, तिथे मनातल्या मनात भाषांतर करायला वेळ नसतो.

आणि कागदांचं म्हणाल तर आपल्याकडे नुसतं राज्य बदललं तरी काय होतं ते मी बघितलंय. एका विद्यार्थिनीच्या वडिलांची बदली दुसऱ्या राज्यात झाली, तिकडून खेळायला ना हरकत पत्र लागतं, ते पत्र मिळायला आठ महिने गेले. रोज उद्या या, साहेब नाहीत, मीटिंग झाली नाही. त्या आठ महिन्यांत त्या सीझनची नॅशनल होऊन गेली. पोरगी १५ ची होती, तिने मला फोनवर विचारलं की मॅडम मी नेमकं काय चुकीचं केलं. मला आजही त्या प्रश्नाचं उत्तर देता आलेलं नाही. म्हणून मी सगळ्या पालकांना सांगते की टीम बदलायची असेल तर जुन्या लोकांना शेवटी कळवू नका, सगळ्यात आधी कळवा, समोर बसून सांगा, आणि जे काय कबूल होईल ते लेखी घ्या.

आता तुमचा भारताचा मुद्दा. भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्ट हवा आणि आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड हे प्रवासाला, घर घ्यायला ठीक आहे, भारताच्या टीमसाठी त्याचा उपयोग नाही. जर्मनीने २०२४ च्या जूनपासून दुहेरी नागरिकत्वाला परवानगी दिली आणि साधारण पाच वर्षांच्या वास्तव्यावर अर्ज करता येतो, पण त्यांनी परवानगी दिली म्हणून भारत देत नाही, जर्मन झाली की भारतीय पासपोर्ट जमा करावा लागणार. म्हणजे हा दरवाजा एका बाजूनेच सहज उघडतो. ओक्साना चुसोवितिनासारखं जाऊन परत येणं आपल्यासाठी फार कठीण. तिचं माहीत असेलच, आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्सवाली, उझबेकिस्तानची, २००२ ला मुलाला रक्ताचा कॅन्सर झाला, उपचारासाठी कोलोनला गेली, २००६ ला जर्मन झाली, २००८ ला बीजिंगमध्ये जर्मनीसाठी व्हॉल्टचं सिल्व्हर घेतलं आणि लंडननंतर परत उझबेकिस्तानकडे. रिओला दीपा कर्माकर चौथी आली त्या व्हॉल्ट फायनलमध्ये ही ४१ वर्षांची बाई सातवी होती, पुन्हा उझबेकिस्तानच्या ड्रेसमध्ये. मी ते रात्री जागून बघितलं आणि रडले, दीपासाठी पण आणि तिच्यासाठी पण.

भारताकडून ग्रुप खेळायचा म्हणाल तर मला वाईट वाटतं पण खरं सांगायला हवं. आपल्याकडे मुली आहेत, चांगल्या आहेत, ठाण्याच्या संयुक्ता काळेने खेलो इंडियात काय केलं ते सगळ्यांनी बघितलं. पण रिदमिकमध्ये भारताची एकही मुलगी अजून ऑलिंपिकला गेलेली नाही, आणि ग्रुप तर आपल्याकडे सावत्र मुलासारखा वाढतो. कॉमनवेल्थ गेम्सला २०२२ पर्यंत रिदमिकची जी टीम इव्हेंट होती ती पाच जणींचा ग्रुप नव्हता, तीन एकेकट्या मुलींच्या मार्कांची बेरीज होती. मग सरकारी पैसा आणि कॅम्प त्या तीन मुलींसाठी. पाच-सहा मुलींना वर्षभर एका छताखाली ठेवायचं, शाळा सांभाळायची, कोरिओग्राफर, फिजिओ, हे देझिओला होतं, आपल्याकडे स्पर्धेआधी काही आठवडे मुली गोळा होतात. तुमच्या मुलीने जर्मनीत सहा वर्षं घालवून मग भारताच्या ग्रुपसाठी परत यायचं ठरवलं तर ती भावना मला शंभर टक्के कळते, पण तिला उभं राहायला बाकीच्या चार जणी वर्षभर कुठे भेटणार, हा प्रश्न मी स्वतः इतकी वर्षं अधिकाऱ्यांना विचारतेय. इंडिव्हिज्युअलसाठी परत येणार असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे मी स्वतः तिला घ्यायला विमानतळावर जाईन.

एक गोष्ट घाई न करता बोला घरात. बंद कॅम्पमध्ये राहणारा ग्रुप हा जितका सुंदर दिसतो तितकाच धोक्याचाही होऊ शकतो. इटलीच्या त्याच फुलपाखरांच्या संघातल्या काही माजी मुली २०२२ ला पुढे आल्या आणि वजनावरून रोज होणाऱ्या अपमानाबद्दल, उपाशी राहण्याबद्दल उघड बोलल्या, तिकडे मोठी खळबळ झाली, चौकशा लागल्या. आणि बाहेरून आलेल्या मुलीचं काय होतं सांगू का, तिला तक्रार करायला जागाच नसते, आपली जागा जाईल, व्हिसा-नागरिकत्वाचं काय होईल, आईवडिलांनी इतकं केलं त्याचं काय, या भीतीने ती गप्प बसते. माझ्या हातून पण सुरुवातीच्या वर्षांत वजनकाट्यावर मुलींना सगळ्यांसमोर उभं करण्याची चूक झालीय, तेव्हा सगळे तसंच करायचे आणि मलाही तसंच शिकवलं होतं, पण ती चूकच होती, आज माझ्या हॉलमध्ये काटा नाही. तुमच्या क्लबमध्ये वजन कोण घेतं, कुठे घेतं, मुलीला नंतर काय बोलतात, हे विचारा, आणि उत्तर देताना कोच चिडली तर तेही एक उत्तरच समजा.

करिअर किती राहतं हा प्रश्न तुम्ही तीन वेळा लिहिलाय म्हणून त्यावर येते. ग्रुपचं आयुष्य लोकांना वाटतं त्यापेक्षा लांब आहे. रशियाची अनास्तासिया ब्लिझ्न्युक लंडन, रिओ, टोकियो तिन्ही खेळली, दोन गोल्ड आणि एक सिल्व्हर. इटलीची अलेस्सिया माउरेल्ली रिओ, टोकियो, पॅरिस. म्हणजे टीम बदलल्यामुळे तीन वर्षं गेली तरी पुढे सहा-सात वर्षं उरू शकतात, जर ती रिझर्व्हच्या जागेवर मनाने टिकली तर. पगाराचं म्हणाल तर इटलीत सावरायुकसारख्या मुली हवाई दलाच्या क्रीडा विभागात असतात, जर्मनीत सैन्यदलाची तशीच सोय आहे, पण दोन्हीकडे आधी नागरिकत्व. नंतरचं काम म्हणजे कोचिंग, कोरिओग्राफी, जजिंग, आणि तिथे दोन देशांची पद्धत माहीत असणं उलट फायद्याचं ठरतं.

तर तुमच्या जागी मी असते तर आत्ता कुठल्याच देशाच्या नावाने तिला उतरवायची घाई केली नसती. क्लबच्या ग्रुपमध्ये राहू द्या, क्लब आणि प्रादेशिक पातळीवर पासपोर्ट साधारण आड येत नाही, तरी तुमच्या क्लबकडून लेखी विचारून घ्या. सोबत एक किंवा दोन इंडिव्हिज्युअल रूटीन चालू ठेवा, बॉल आणि क्लब्ज (हातात धरायच्या दोन दांड्या) ठेवा, कारण ग्रुपमधून बाहेर पडायची वेळ आली तर हातात काहीतरी तिचं स्वतःचं हवं. नागरिकत्वाचा निर्णय १५ च्या आत होणं चांगलं, पण तो जिम्नॅस्टिकसाठी घेऊ नका, तुम्ही तिथेच राहणार असाल तरच घ्या. वकिलाला भेटा, दोन्ही देशांचे नियम जाणणारा बघा. जर्मन तिला घरातल्यासारखं यायला हवं, कोचचं ओरडणं कळण्याइतकं.

आणि तिला एकदा शांतपणे विचारा की दोन वर्षं सहावी म्हणून बसावं लागलं, रोज सगळ्या जागा शिकायच्या आणि स्पर्धेच्या दिवशी ट्रॅकसूट घालून टाळ्या वाजवायच्या, तर चालेल का. माझ्या त्या दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या मुलीने ते वर्ष तसंच काढलं. पुढच्या नॅशनलला आमची एक मुलगी वॉर्मअपमध्ये घोटा मुरगळून बसली आणि हिने तिची जागा घेतली, पाच मिनिटांची सूचना मिळाली होती फक्त. मी कडेला उभी होते, म्युझिक सुरू व्हायच्या आधी तिच्याकडे बघत होते. तिचे ओठ हलत नव्हते, मोजत नव्हती ती, समोरच्या मुलीच्या खांद्यांकडे बघत होती.